ट्राउटच्या होडीतला देशपांडे

ॲरिझोना म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी माहीत असतात, ग्रँड कॅन्यन आणि ऊन. मी चार वर्षं या राज्यात राहतोय, तेव्हा तिसरी गोष्ट मी सांगतो. इथे उत्तरेच्या उंच वाळवंटातून एक नदी वाहते. पाणी बर्फासारखं गार, रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा, आणि तिच्यात ट्राउट नावाचा मासा इतका की मलासुद्धा एक मिळाला. ज्या दिवशी तो मिळाला, तो दिवस माझ्या लाजिरवाण्या दिवसांच्या यादीत दुसरा लागतो. पहिला नंबर त्यानंतरच्या चार दिवसांनी मिळून घेतलाय.

आधी बरोबरच्या माणसांविषयी सांगतो.

मिलिंद माझ्याच कंपनीत, माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये. आम्ही दोघं चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. मी ड्रायव्हिंगच्या टेस्टला तीनदा नापास झालो होतो. तिसऱ्या वेळी परीक्षक बाई अर्ध्यातून उतरल्या आणि चालत ऑफिसला गेल्या. त्यामुळे दोन वर्षं रोज सकाळी सव्वासातला मिलिंद माझ्या दारात गाडी घेऊन यायचा, आणि संध्याकाळी परत सोडायचा. माझ्या मुलीच्या वेळी स्वातीला, म्हणजे माझ्या बायकोला, कळा सुरू झाल्या तेव्हा हॉस्पिटलात त्यानंच नेलं. मी मागच्या सीटवर बसून लांब लांब श्वास घेत होतो. ते तिनं घ्यायचे होते. अमेरिकेत मला मित्र म्हणावा असा एकच माणूस होता, तो हा.

तो भंडाऱ्याचा. नागपूरला इंजिनिअर झाला, इथे येऊन एम. एस. केलं. लहानपणी तिकडच्या तळ्यांवर बांबूची काठी घेऊन मासे धरायचा, इथे येऊन फ्लाय फिशिंगच्या नादाला लागला. त्याच्या अपार्टमेंटमध्ये एक टेबल फक्त त्यासाठी होतं. भिंग लावून, पिसं आणि दोरा गुंडाळून तो तांदळाच्या दाण्याएवढे खोटे किडे, म्हणजे फ्लाय, करायचा. त्याच टेबलाच्या वर भिंतीवर बुद्धाचं चित्र, आणि शेजारी निळ्या सुटातली ती तसबीर, जी कुणाची हे महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा मी त्या तसबिरीकडे अर्धा सेकंद जास्त पाहिलं आणि मग त्याच्या सोफ्याचं कौतुक केलं. सोफा कुणीतरी रस्त्यावर टाकून दिलेला त्यानं उचलून आणला होता. हा विषय आमच्यात तेवढाच निघाला. म्हणजे निघालाच नाही. मी मनाशी म्हटलं, आपण काही मानत नाही, तर बोलायचं कशाला? मोठं सोयीचं तत्त्व आहे हे. कुणीही वापरून बघावं.

तिसरे भाऊकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पुण्यातल्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं रजिस्ट्रार होते. २००६च्या ऑक्टोबरात ते तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले. माणूस प्रेमळ. मुलीसाठी बारा किलोची खेळणी घेऊन आले आणि स्वतःसाठी दोन शर्ट. पण त्यांना एक खेळ होता. महाराष्ट्र मंडळाची फोन डिरेक्टरी घरात पडलेली होती, ती पेन्सिल घेऊन ते वाचत बसायचे. "हे सातारचे. हे मूळ कोकणातले, पण मिरजेला स्थायिक. हे... हे आपले नव्हेत." शेजारी खूण. "नंदू, आडनाव सांग, मी तालुका सांगतो. तालुका सांग, कुठल्या यादीत नाव लागलं असेल ते सांगतो." यादी म्हणजे प्रवेशाची यादी. आम्ही हसायचो. स्वाती एकदा हसली नाही, आणि मी तिला आत जाऊन म्हटलं, "जाऊ दे गं, वय झालंय." त्यांचं वय तेव्हा त्रेसष्ट होतं. रोज पाच मैल चालायचे.

काका जायच्या आधीच्या रविवारी मिलिंदनं लीज फेरीला, म्हणजे त्या ट्राउटच्या नदीवर, होडी आणि गाइड ठरवला होता. म्हणाला, "तू चल. आणि काकांनाही घे यार. त्यांनी आतापर्यंत काय बघितलं? तुझा मॉल आणि तुझं कॉस्टको." मुलीचा कान दुखत होता म्हणून स्वाती राहिली. आम्ही तिघं पहाटे चारला निघालो.

फ्लॅगस्टाफ

फिनिक्सहून उत्तरेला निघालं की गाडी दोन तास नुसती चढते. खाली हात वर केलेल्या माणसांसारखे निवडुंग उभे असतात. ते संपतात, मग खुरटी झुडपं येतात, आणि फ्लॅगस्टाफ येईपर्यंत पाइनचं जंगल आणि दात वाजवणारी थंडी. काका झोपले होते. पेट्रोल पंपावर जागे झाले ते थेट माकडटोपीत आणि थेट भुकेलेले. मिलिंद पंप लावून कॉफी आणायला आत गेला होता. जाताना डबा मागे आम्हा दोघांकडे देऊन गेला, "काका, सुरू करा तुम्ही." डब्यात सांबारवड्या होत्या. पुण्याच्या वाचकांनी घाबरू नये, विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कोथिंबीर, खोबरं, खसखस यांचं सारण बेसनाच्या पारीत भरून तळायचं. आदल्या दिवशी दुपारभर बसून त्यानं त्या केल्या होत्या.

काकांनी चार संपवल्या. पाचवी हातात होती.

"मुलगा फार छान आहे रे," ते म्हणाले. "हाताला चव आहे. आडनाव काय म्हणालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. गेले दोन आठवडे मी मोठ्या कौशल्यानं 'आमचा मिलिंद' म्हणत होतो. काचेतून आत मिलिंद दिसत होता, तीन कप दोन हातांत कसे न्यायचे याचा विचार करत उभा. काकांच्या हातातली वडी तोंडापर्यंत गेली नव्हती. मला एवढंच दिसलं, की खरं नाव सांगितलं तर ती वडी कुठे जाते हे मला बघावं लागेल.

"देशपांडे," मी म्हणालो.

काय मूर्ख निवड! जरा विचार केला असता तर काकांना न उलगडणारं एखादं आडनाव सापडलं असतं. देशपांडे म्हणजे पुढचे दहा प्रश्न तयार.

"वाटलंच मला!" काका खूष झाले आणि वडी तोंडात गेली. "कुठले देशपांडे?"

"नागपूरकडचे."

"ऋग्वेदी की यजुर्वेदी?"

"विचारलं नाही."

"विचारावं रे. दोन वर्षं शेजारी बसतोस."

मिलिंद आला. खिडकीतून कप आत दिले. "घ्या काका, साखर दोन घातलीय."

"थँक्यू, देशपांडे!"

मिलिंदचा हात तिथेच थांबला. त्यानं आधी मागे वळून पाहिलं, कुणी दुसरं उभं आहे का म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. मी आधीच लावलेला सीटबेल्ट पुन्हा लावत होतो.

"वेलकम, काका," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

नवाहोंच्या मुलखातून

फ्लॅगस्टाफ मागे पडलं की जंगल कुणीतरी सुरीनं कापल्यासारखं संपतं. पुढे शंभर मैल नवाहो लोकांचा मुलूख. लाल, राखाडी, जांभळट मातीचे ढीग, भाजून ठेवलेल्या नाचणीच्या पिठासारखे, आणि उजव्या हाताला मैलोन्‌मैल सरळ चाललेली कड्यांची भिंत. झाड म्हणून नाही. लांबवर एखादं घर, शेजारी ट्रेलर, एक घोडा. आणि आकाश, ज्याला कुठेच कोपरा नाही. मी हे सगळं फार मन लावून बघत होतो, कारण आरशात मिलिंदचे डोळे होते.

इथे एक गंमत आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो करतात. माझा फोन अचानक एक तास पुढे गेला आणि मी ओरडलो, "उशीर झाला! होडी गेली!" मिलिंदनं एरवी यावर मला दोन आठवडे छळलं असतं. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "नाही झाला."

काका मात्र रंगात आले होते. "देशपांडे, घरी कोण कोण?"

"आई, बाबा, एक बहीण आहे काका. बाबा पोस्टात होते."

"वा! आणि लग्नाचं काय? मुली बघताय का?"

"बघतात घरचे."

"माझ्या साडूची मुलगी आहे. इकडेच टेक्ससला, अर्विंगला. बायोटेकमध्ये एम. एस. झालीय. गोरी, उंच, गाते. तुमचं गोत्र काय?"

मिलिंद रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "गोत्र? नंदूला माहीत असेल ते. माझं सगळं त्यालाच माहीत असतं."

"कौशिक," मी म्हणालो. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला त्या दिवशी ब्रेकही नव्हता.

"अरेरे!" काका खरोखर हळहळले. "तिचंही कौशिक. सगोत्र झालं की. थांबा, थांबा, तिची मावसबहीण आहे एक..."

मिलिंद हसला. मोठ्यानं, मनापासून हसल्यासारखा. आणि मी मूर्ख, मला वाटलं, चला, त्यानं गमतीत घेतलं.

लीज फेरी

गाइडचं नाव वेन. वय पन्नाशीचं, दाढी तांबडी, हात माझ्या मांडीएवढे. मिलिंदला बघून लांबूनच ओरडला, "मेश! कसा आहेस, मेश!"

"मेश?" काकांनी मला विचारलं.

"मेश म्हणजे जाळं, काका. मासे पकडतो ना, म्हणून टोपणनाव पडलंय."

तुम्ही म्हणाल, हा माणूस किती वेळ असं करत राहणार? मलाही तोच प्रश्न होता. पण खोट्याचं एक आहे, सुरुवातीला धाडस लागतं, नंतर नुसता हजरजबाबीपणा पुरतो, आणि तो माझ्याकडे भरपूर आहे. त्याचाच मला अभिमान होता.

माझ्यासाठी दुकानातून मासेमारीचं एका दिवसाचं लायसन्स घेतलं आणि भाड्याचे वेडर. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार, पाऊल धरून एकसंध. मी ती उलटी चढवली. वेननं अनेक वर्षांत बऱ्याच लोकांना वेडर घालताना पाहिलं होतं, पण पाठीवर खिसा आलेला मी पहिलाच.

होडी धरणाच्या दिशेनं वर निघाली आणि मी एकदाचा गप्प झालो. दोन्ही बाजूंना हजार फूट लाल दगड. वर निळ्या आकाशाची पट्टी. पाणी इतकं स्वच्छ की दहा फुटांखालचे गोटे मोजता यावेत, आणि त्यांच्यावरून सावल्या सरकतात त्या माशांच्या. वर धरण आहे, त्याच्या तळातून पाणी सोडतात, म्हणून ते बारा महिने गार. एका वळणावर वेननं होडी थांबवली आणि वर बोट दाखवलं. कड्याच्या टोकावर मुंग्यांएवढी माणसं, खाली बघत उभी. हॉर्सशू बेंड. सगळं जग वरून या वळणाचे फोटो काढतं, आम्ही त्या फोटोत खाली होतो. पुढे एका खडकावर हजार वर्षांपूर्वी कुणी कोरलेल्या मेंढ्या, ओळीनं कडा उतरणाऱ्या. काका त्यांच्यासमोर टोपी काढून उभे राहिले. "यांची नावं काय होती, कोण होते, काही माहीत नाही," ते म्हणाले, "पण बघ, काम राहिलं." काका असंही बोलायचे. म्हणूनच सगळं अवघड होतं.

मग एका रेताड काठावर उतरलो. काका घडीच्या खुर्चीत, आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात. वेननं शिकवलं. काठीनं नव्हे, दोरीच्या वजनानं किडा फेकायचा. हात घड्याळाच्या दहापासून दोनपर्यंत, मधे थांबायचं. मी पहिल्या फेकीत स्वतःची टोपी पकडली. दुसरीत मागचं झुडूप. तिसरीत काकांची माकडटोपी, ती डोक्यावरून उडून तरंगत नदीच्या मध्यापर्यंत गेली आणि मी तिला गुंडाळत परत आणलं. वेन म्हणाला, आज पहिला मासा तुझा, लोकर जातीचा. गळाला उलटा काटा नव्हता म्हणून टोपी वाचली. इथे तसाच गळ वापरतात, कारण प्रत्येक मासा सोडून द्यायचा.

"सोडूनच द्यायचा तर धरायचा कशाला?" काकांनी विचारलं. मिलिंदनं तेवढ्यात एक धरला होता, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. हात ओले करून त्यानं तो पाण्यातच धरून ठेवला, प्रवाहाकडे तोंड करून, आणि मासा स्वतःहून निघाला तेव्हा बोटं सैल केली.

"बघायला, काका," तो म्हणाला. "फक्त बघायला, खाली काय आहे ते."

अकराच्या सुमाराला रेंजरची होडी आली. तरुण पोरगी, हॅट, गॉगल. लायसन्स बघायचे होते. माझं बघितलं. मग मिलिंदनं छातीच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं त्याचं वर्षाचं काढून दिलं. माणूस आणि कागद जुळतो का हे त्या मुलीला बघायचं होतं, म्हणून तिनं ते मोठ्यानं, एकेक अक्षर सांभाळत वाचलं.

"मिलिंद... मेश्रॅम?"

"मेश्राम. येस मॅम."

तिनं थँक्यू म्हटलं, होडी गेली. तिच्या लाटा काठाला आपटून थांबल्या. पस्तीस वर्षं नावं वाचलेला माणूस मागे खुर्चीत बसला होता, त्याला आता कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"मेश्राम," काका म्हणाले. मग, "भंडारा." खेळातल्यासारखं. पण आवाजात खेळ नव्हता.

"हो काका," मिलिंद म्हणाला.

"अहो, मग सकाळपासून मी देशपांडे देशपांडे म्हणतोय. तुम्ही एकदाही बोलला नाहीत?"

मिलिंदनं लायसन्स पाकिटात घालून छातीच्या खिशात ठेवलं.

"लपवण्यासारखं काय होतं त्यात? मी तसला माणूस नाही. तुमच्या समाजातल्या किती मुलांचे स्कॉलरशिपचे फॉर्म मी स्वतः या हातानं भरून दिलेत. पण माणसानं आपलं नाव लपवू नये हो. नाव बदलून बसायचं, लोकांच्या पंगतीला... हे बरं दिसत नाही. स्वाभिमान पाहिजे."

मिलिंद माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. वाट बघत होता. चेंडू त्यानं माझ्याकडे टाकला होता आणि मला फक्त हात पुढे करायचा होता. 'काका, ते मी सांगितलं. त्याला माहीतसुद्धा नव्हतं.' दहा शब्दही नाहीत. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, हे कुणी मानणार नाही, पण उघडलं होतं.

आणि माझी दोरी ताठ झाली.

"मासा!" मी ओरडलो. "लागला! लागला!"

खोटं नव्हतं ते. दिवसभरातली माझी ती एकच खरी बातमी होती. वेन पाण्यातून धावत आला. "ओढू नको! जाऊ दे त्याला! आता गुंडाळ! काठी वर!" मासा नदीच्या मध्याला गेला, परत आला, हवेत उडाला. पाचेक मिनिटं मी त्याच्याशी झुंजत होतो आणि, लिहायला हात धजत नाही, मी खूष होतो. सुटलो म्हणून. वेननं जाळीत घेतला, मोजला. अठरा इंच. "नवशिक्याला असला मासा!" त्यानं माझा फोटो काढला. तो माझ्याकडे आहे. दोन्ही हातांत मासा, कान ते कान हसू. डाव्या कडेला अर्धा मिलिंद आलाय, त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे नाही.

मासा सोडला. मग सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. वेळ गेली, असं मी स्वतःला सांगितलं. ती जाणार कुठे होती? काठावर खुर्चीत बसली होती, माकडटोपी वाळवत.

जेवणाला डबा पुन्हा उघडला. काकांनी पुढे वाकून दोन वड्या उचलल्या, आम्हा दोघांना दिसतील अशा धरल्या. "मी खातो. मला काही नाही. मी असलं काही मानत नाही." सकाळी त्यांनी पाच खाल्ल्या होत्या, मानण्या-न मानण्याचा एकही शब्द न काढता. या दोन भाषणासकट खाल्ल्या. मिलिंदनं डबा त्यांच्यासमोरच ठेवला आणि वेनबरोबर पाण्यात गेला. दुपारभरात त्यानं चौदा मासे धरले. चौदाही सोडले.

नवाहो पूल

परतीच्या वाटेवर कोलोरॅडो नदीवर दोन पूल आहेत शेजारी शेजारी, एक गाड्यांचा, एक जुना, आता चालण्यापुरता. जुन्या पुलावर नवाहो बायका चांदीच्या, फिरोजाच्या माळा मांडून बसतात. काका तिथे भाव करत थांबले. आम्ही दोघं पुलाच्या मध्यावर. पावणेपाचशे फूट खाली नदी हिरव्या रिबिनीएवढी. गाड्यांच्या पुलाच्या लोखंडी तुळईवर एक काँडोर बसला होता, डोकं बोडकं, पंखाला नंबराचा बिल्ला. जगात हे पक्षी मोजके उरलेत, म्हणून प्रत्येकाला नंबर लावून सोडतात.

मी म्हणालो, "सॉरी यार."

"कशाबद्दल?"

"सकाळी ते... मी तुझ्यासाठीच बोललो. काका काहीतरी बोलले असते, तुला वाईट वाटलं असतं."

"मी मागितलं होतं का?"

"नाही, पण..."

"ऐक ना नंदू. काकांचं सोड. असे काका मी शाळेपासून बघतोय, एक-दोन नाही. मला त्यांची सवय आहे. सकाळी पंपावरच सांगू शकलो असतो मी. नाही सांगितलं, कारण बघायचं होतं तू केव्हा थांबतोस. गोत्रापर्यंत गेलास तू! मला गोत्र दिलंस!" तो हसला, पण गाडीतलं ते हसणं आठवून मला आता कळलं की तेही हसणं नव्हतं. "तरी म्हटलं ठीक आहे, घाबरला असेल. पण त्यांनी मला खोटारडा म्हटलं. स्वाभिमान पाहिजे म्हटलं, मला. आणि तू मासा पकडत होतास."

"तो खरंच लागला होता रे."

"माहीत आहे. मीच बांधला होता तो फ्लाय." मग म्हणाला, "एवढंच कर. त्यांना सांग, मिलिंद खोटं बोलला नाही. बाकी काही सांगू नको. बस एवढंच."

"सांगतो. गाडीत सांगतो."

गाडीत काका पंधराव्या मिनिटाला झोपले. झोपलेल्या माणसाला कसं सांगणार? फिनिक्सचे दिवे दिसायला लागले तेव्हा जागे झाले, पण तेव्हा मिलिंद समोर होता, त्याच्यादेखत कसं सांगणार? दारात उतरताना काका म्हणाले, "बरं मेश्राम, येतो हं." मिलिंदनं त्यांची खुर्ची, पिशवी काढून पायरीवर ठेवली. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. वाट बघणं त्यानं पुलावरच संपवलं असावं.

चँडलर

काका गुरुवारी गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस मी त्यांच्याबरोबर चहा प्यायलो. सोमवारी म्हटलं, जेवताना सांगू. जेवताना मुलगी रडायला लागली. मंगळवारी ते स्वतःच म्हणाले, "नदी काय सुंदर होती रे," तिथून विषय सहज काढता आला असता, मी धरणाची उंची सांगितली. बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर स्वातीनं मला आत बोलावून विचारलं, "मिलिंद का येत नाहीये?" तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि हे तू मला सांगतोयस? बाहेर बसलेत ते." मी बाहेर गेलो. काका डिरेक्टरी वाचत होते. मी टीव्ही लावला.

विमानतळावर बॅगा वजनाला लावताना काका म्हणाले, "तुझा तो मित्र. हुशार आहे, कष्टाळू आहे. पण ते खोटं बोलणं मला खटकलं. समजावून सांग त्याला." मी बॅग काट्यावर ठेवली. पन्नास पौंडाला दोन जास्त भरली. मी उघडून एक शर्ट काढला, आणि याच्यात इतका गढून गेलो की उत्तर द्यायचं राहून गेलं.

मिलिंद त्या सोमवारी सव्वासातला आला नाही. ई-मेल आली होती, दोन ओळींची, की तो आता सहाच्या शिफ्टला जातो. मी टॅक्सीनं गेलो, मग सायकलनं, आणि डिसेंबरात चौथ्यांदा टेस्ट दिली आणि पास झालो. क्यूबिकल शेजारीच होतं. तो गुड मॉर्निंग म्हणायचा. मी म्हणायचो. काम अडलं तर मदत करायचा, कधी टाळलं नाही. एवढ्या सभ्यपणानं मला कुणी शिक्षा केली नव्हती. उन्हाळ्यात त्याला नॉर्थ कॅरोलिनाला कॅरीजवळ दुसरी नोकरी लागली. ऑफिसात केक कापला, मी प्लास्टिकच्या बशा वाटल्या.

हे प्रवासवर्णन पुण्याच्या ज्या अंकासाठी लिहितोय, तो भाऊकाका दर वर्षी विकत घेतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मला ते माहीत आहे आणि म्हणूनच लिहितोय. समोर बसून दहा शब्द बोलता आले नाहीत, त्याचे अडीच हजार करून, आठ हजार मैलांवरून, छापून पाठवतोय. शौर्य याहून जास्त जमत नाही. तर काका, देशपांडे हे नाव मी घेतलं होतं. गोत्रही मीच दिलं. मिलिंद त्या दिवशी एकही शब्द खोटं बोलला नाही. तेव्हा तिथे खोटं बोलणारा एकच माणूस होता आणि त्याच्या हातात मासा होता.

लिहून झाल्यावर मिलिंदला फोन केला. वर्षभरात पहिल्यांदा. त्यानं उचलला. मी सांगितलं, असं असं लिहिलंय, काकाही वाचतील. तो ऐकत होता. पलीकडे नळाचा आवाज येत होता, भांडी घासत असावा.

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "तुला अवघड वाटायला नको, म्हणून लेखात तुझं नाव बदलू का?"

नळ बंद झाला.

"परत?" मिलिंद म्हणाला.